किल्लीची सावली

रविवारी सकाळी बाबा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बंद पडलेली विजेरी उघडून बसले होते. तिचे सुटे भाग त्यांनी चहाच्या बशीत मांडले होते. ही बशी आहे, वर्कशॉप नाही, असं आईने दोनदा सांगून झालं होतं. बाबांनी दोन्ही वेळा "हो हो" म्हटलं होतं आणि दोन्ही वेळा बशीत आणखी एक स्क्रू पडला होता.

समोर बसलेली लेक पावाला लोणी लावत होती. लावत होती म्हणजे एकाच जागी सुरी फिरवत होती.

"घुबडा, पावाने काय घोडं मारलंय तुझं?" बाबांनी मान वर न करता विचारलं.

"पावाने नाही. पावावरच्या बुरशीने."

"पोरगी पस्तिशीची झाली, आता तरी घुबड म्हणू नका," आई शेगडीपासून म्हणाली.

"अंधारात दिसतं म्हणून म्हणतो. शिवी नाही, पदवी आहे ती."

पदवी जुनी होती. बाबांनी चाळीस वर्षं एका फोटो स्टुडिओत काढली. स्टुडिओ मालकाचा, कॅमेरा मालकाच्या मुलाचा. बाबांच्या वाट्याला मागची आठ बाय सहाची डार्करूम, तीन ट्रे, एक लाल दिवा आणि दुसऱ्यांनी टिपलेले चेहरे कागदावर उमटवायचं काम. शाळा सुटली की ती तिथे जाऊन उलट्या बादलीवर बसायची. सात वर्षांची असताना कुठल्या ट्रेमध्ये काय आहे ते तिला वासावरून सांगता यायचं, आणि हरवलेला चिमटा ती बाबांच्या आधी शोधून द्यायची. म्हणून घुबड.

आता तिची स्वतःची डार्करूम होती. संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर, बिनखिडकीची, दाराला दुहेरी काळा पडदा लावलेली. तिच्या ट्रेमध्ये फोटो नव्हते, काचेच्या बशांत वाढवलेली बुरशी होती. अंधारात कापसासारखी पांढरी, उजेडात ठेवली की नारिंगी.

"काय केलं बुरशीने?"

"अंधारात नारिंगी झाली. पुन्हा."

बाबांचा स्क्रूड्रायव्हर थांबला. हे काम त्यांना ठाऊक होतं. याच टेबलावर तिने त्यांना ते कितीदा तरी समजावलं होतं आणि त्यांनी दर वेळी नव्याने ऐकल्यासारखं ऐकलं होतं. बुरशीच्या पेशीत एक प्रथिन असतं, लांबलचक माळ गुंडाळी होऊन पडावी तसं. त्या गुंडाळीच्या एका खोबणीत एक पिवळा रेणू बसलेला असतो, बी-टू जीवनसत्त्वापासून बनलेला. त्याच्या अगदी शेजारी माळेतला एक मणी असा, की ज्याच्या टोकाला गंधकाचा अणू असतो. अंधारात दोघं शेजारी असतात, पण एकमेकांना शिवत नाहीत. निळा उजेड पडला की पिवळा रेणू त्या गंधकाला चिकटतो. एवढीच घटना. पण तेवढ्याने आख्ख्या प्रथिनाचा आकार बदलतो, ते दुसऱ्यांशी जोडी जमवतं आणि डीएनएवर ठरलेल्या जागी बसून शेकडो जनुकं जागी करतं. त्यातली काही जनुकं नारिंगी रंग बनवतात, ऊन बाधू नये म्हणून. लाल उजेड मात्र त्या पिवळ्या रेणूला कळत नाही. त्याच्या लेखी लाल म्हणजे काळोखच.

"आमचा कागद," बाबा पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच म्हणाले होते. "हुबेहूब आमचा कागद. त्यालाही निळं कळतं, लाल कळत नाही. त्याच्यातही चांदीच्या एका कणावर एवढासा बदल होतो, डोळ्याला काहीच दिसत नाही. डेव्हलपरच्या रसायनात घातला की दिसतं. तुझ्या बुरशीचा डेव्हलपर तिच्या पोटातच आहे, इतकाच फरक."

माळेतल्या हजाराहून जास्त मण्यांपैकी तो एक गंधकवाला मणी तिने बदलला होता. त्याजागी बिनगंधकाचा बसवला होता. "म्हणजे डोळे काढलेस तिचे," बाबा म्हणाले होते. "हो." "बिचारी."

मणी बदललेली आंधळी बुरशी भर उजेडात पांढरीच राहिली. तीन वर्षांच्या कामाचं तेच फळ होतं: बुरशीचा डोळा तो हाच, या एका मण्याजवळ. पण पेपर पाठवल्यावर नियतकालिकाने तपासणीचे प्रयोग मागितले आणि गाडी घसरली. गेले तीन महिने, न बदललेली डोळस बुरशीसुद्धा अंधारात पांढरी राहायला तयार नव्हती. फिकट का होईना, नारिंगी होत होती.

"सर म्हणतात, अंधारातही रंग येत असेल तर रंगाचा उजेडाशी संबंध काय? मग तू डोळा फोडला नाहीस, रंगाचा कारखाना बंद पाडलास. कारखानाच बंद म्हटल्यावर बुरशी आंधळी आहे की डोळस, कसं कळणार?"

"सर बरोबर बोलतात," बाबा म्हणाले. "अंधार अंधार असेल तर."

"म्हणजे?"

"दिव्याखाली किल्ली ठेवून बघितलीस?"

तिने सुरी खाली ठेवली. किल्ली तिला लहानपणापासून ठाऊक होती. डार्करूमचा लाल दिवा खरोखर लाल आहे की चोर आहे, हे बघायची बाबांची रीत. फोटोच्या कोऱ्या कागदावर किल्ली ठेवायची, जितका वेळ काम चालतं तितका वेळ दिवा चालू ठेवायचा आणि कागद डेव्हलपरमध्ये धुवायचा. कागद पांढराच राहिला तर दिवा साव. किल्लीची पांढरी सावली आणि भोवती राखाडी रंग आला, तर दिव्यातून निळं गळतंय. डोळ्याला ते दिसत नाही, कारण लालाच्या झगझगाटात तेवढंसं निळं बुडून जातं.

"बाबा, दिवा यंत्रावर मोजून घेतलेला आहे."

"कधी?"

"आणला तेव्हा."

"माझा दिवा? तो तर मी दिला तुला. तो कोणी मोजला?"

बाबांनी निवृत्त झाल्यावर पुसून, नवी वायर लावून दिलेला दिवा दीड वर्षापूर्वीच तिने वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटाच्या तळाशी ठेवला होता. लोखंडी डबा, जाड लाल काच, मालकाच्या हातचा रंगाचा ओघळ. शेजारच्या टेबलावरच्या सहकारिणीने, जिला सगळे 'तिखट' म्हणत, त्याला "पुराणवस्तू संग्रहालयाची शाखा" म्हटलं आणि सगळे हसले. लेकही हसली. दुसऱ्या आठवड्यात तिने लाल प्लास्टिकचं झाकण असलेला नवा चकचकीत दिवा मागवला.

"हो, तोच," ती म्हणाली. "मोजला आम्ही."

"चालतो ना अजून?"

"चालतो की."

बाबा खूश झाले. "तरी बघून घेऊ. मी येतो उद्या. कागद आहेत माझ्याकडे थोडे. पाच मिनिटांचं काम."

"उद्या नको, बाबा. सर असतात, लोक असतात. ती प्रयोगशाळा आहे, स्टुडिओ नाही."

"बरं," बाबा म्हणाले आणि बशीतला स्क्रू उचलला. रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं "बरं" म्हणाले, आणि थोड्या वेळाने विजेरी लागली तेव्हा तिचा झोत त्यांनी आईच्या पाठीवर टाकला. "बघ, बशीने दुरुस्त केली."

सोमवारी ती साडेनऊला डार्करूममध्ये शिरली. आत जाताना फोन बाहेरच्या खणात ठेवायचा नियम होता, कारण पडद्याचा उजेड बुरशीला पुरतो. नियम तिनेच केला होता. पावणेअकराला ती बाहेर आली तेव्हा खणातल्या फोनवर आईचे सहा कॉल होते आणि शेजाऱ्यांचे दोन. बाबा दाढी करायला आरशासमोर उभे राहिले होते, आणि आईला आतून नळ फार वेळ चालू असल्याचं ऐकू आलं होतं. बस. डॉक्टर म्हणाले, त्यांना कळलंही नसेल. असं सगळेच डॉक्टर म्हणतात, पण तिने ते ठेवून घेतलं.

त्यानंतरचे तीन आठवडे घरात माणसं होती, डबे होते, फुलं होती. आई येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी देत होती आणि मधूनच "यांचा चष्मा कुठे गेला" म्हणून शोधायला उठत होती. चष्मा कपाळावर असायचा त्यांच्या, उभ्या जन्मात. आता नेमका सापडत नव्हता.

ती कामावर परत आली त्या दिवशी सरांनी तिला खोलीत बोलावलं, दार लावलं आणि स्वतः उठून तिच्यासाठी चहा ओतला. चाळीस वर्षांत त्यांनी कोणासाठी चहा ओतला नसावा. अर्धा बाहेर सांडला.

"मला हे आजच बोलायचं नव्हतं," ते म्हणाले. "पण महिनाअखेरीला नियतकालिकाला उत्तर द्यायचंय. डोळस बुरशी अंधारात पांढरी राहत नाही. कारण आपल्याला सांगता येत नाही. कारण सांगता आलं नाही तर पेपर मागे घ्यावा लागेल. मी पत्र लिहायला घेतलंय."

"तीन वर्षं, सर."

"माहीत आहे. तीन महिन्यांच्या बशा पाण्यात गेल्या, त्याआधीचं तरी वाचवू. त्या प्रथिनावर दुसरं काही करता येईल."

ती "बरं" म्हणाली. म्हणाली तेव्हा तिला स्वतःचाच आवाज ओळखीचा वाटला. हे "बरं" कोणाचं होतं ते जिना उतरताना लक्षात आलं, आणि ती जिन्यातच थोडा वेळ उभी राहिली.

संध्याकाळी घरी आली तर आई दारामागच्या खुंटीवरची कापडी पिशवी काढून टेबलावर ठेवून बसली होती.

"ही घे. तुझी आहे. मी हात लावला नव्हता."

"माझी कुठली?"

"तू गेलीस ना रविवारी, त्यानंतर भरत बसले होते. म्हटलं, ती नको म्हणालीये. तर म्हणाले, उद्या नको म्हणालीये. परवा कुठे नको म्हणालीये?"

पिशवीत काळ्या पाकिटात फोटोचा कागद होता. आई सांगत होती की तो फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात, कोबीखाली असायचा आणि त्यावरून आठवड्यातून एकदा भांडण ठरलेलं. डेव्हलपरची पुडी होती, चित्र पक्कं करणाऱ्या फिक्सरची बाटली, बांबूचा चिमटा. तळाशी रुमालात एक किल्ली, पितळेची, बोटभर लांब. स्टुडिओच्या मागल्या दाराची. ते दार पाडूनसुद्धा सहा वर्षं झाली होती. आणि किल्लीबरोबर, त्याच रुमालात, चष्मा.

"बघ," आई म्हणाली. "अंधारात चहा ओतायचा हा माणूस, थेंब सांडायचा नाही. उजेडात मात्र स्वतःचा चष्मा स्वतःच बांधून ठेवला." आणि हसता हसता तिने पदर तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी तिने कोणालाच काही सांगितलं नाही. पिशवी घेऊन ती तळमजल्यावर गेली, कपाटाच्या तळातून वर्तमानपत्राचं गाठोडं काढलं आणि बाबांचा दिवा टेबलावर ठेवला. बटण दाबलं. लागला. काच इतकी जाड की उजेड दिव्यातून बाहेर यायला कुरकुर करत असल्यासारखा वाटायचा.

कागद तेरा होते. ती संशोधक होती, त्यामुळे तिने आधी न उजळलेला एक कागद ठार काळोखात धुतला. कोबीखाली राहून तो खराब झालाय का ते कळायला हवं होतं. पांढरा निघाला. मग दुसऱ्या कागदावर किल्ली ठेवली आणि बाबांचा दिवा वीस मिनिटं लावला, कारण बशा हलवायला तिला तेवढाच वेळ लागे. धुतला. पांढरा, कोरा. चाळीस वर्षांचा म्हातारा दिवा, साव.

तिसरा कागद. किल्ली. नवा दिवा, वीस मिनिटं. ही वीस मिनिटं तिने उभ्यानेच काढली. मग नवा बंद केला, बाबांचा लावला आणि कागद डेव्हलपरमध्ये सरकवला. ट्रेचा एक कोपरा हळूच उचलायचा, खाली टेकवायचा, पुन्हा उचलायचा. हात विसरले नव्हते. दहा सेकंद काही नाही. पंधरा. मग कागदाच्या कडा मळल्यासारख्या झाल्या, मळ आत सरकू लागला, आणि त्या राखाडीतून, कोणी आतून ढकलत असावं तशी, पांढरी किल्ली वर आली. दांडा, दात, टोकाचं भोक.

"चोर," ती मोठ्याने म्हणाली. "चोर, चोर, चोर!"

पडद्याबाहेरून तिखटचा आवाज आला. "काय गं? कोण शिरलंय?"

"निळा उजेड शिरलाय! तीन महिने इथेच राहतोय!"

दुपारपर्यंत कारण सापडलं. नव्या दिव्याच्या आत पांढरेच दिवे होते. लाल होतं ते फक्त वरचं प्लास्टिक. आणलं त्या दिवशी यंत्राने त्याला निर्दोष ठरवलं होतं आणि तेव्हा ते खरंही होतं. पण दिवा टांगला होता बुरशी उबेत वाढवायच्या पेटीच्या, म्हणजे इन्क्युबेटरच्या, गरम झोताच्या तोंडाशी. उन्हात पडदा विटावा तसा त्याचा रंग विटत गेला, आणि रोज तोच दिवा बघणाऱ्या डोळ्यांना तो रोज कालच्याइतकाच लाल दिसला.

"वाईट वाटून घेऊ नकोस," तिखट म्हणाली. "निदान कारण तरी कळलं. आता तीन महिन्यांच्या बशा फेकायच्या आणि..."

"फेकायच्या?" ती थांबली. "थांब. थांब जरा. फेकायच्या कशाला?"

तिने वही ओढली. कुठली बशी ट्रेवर कुठल्या घरात ठेवली ते ती नेहमी लिहायची. कारण काही नव्हतं. बाबा प्रत्येक छपाईच्या मागे पेन्सिलने वेळ आणि दिव्यापासूनचं अंतर लिहायचे, म्हणून ती लिहायची. दोघींनी मिळून तीन महिन्यांचे फोटो संगणकावर मांडले, दिव्याजवळच्या बशा डावीकडे, लांबच्या उजवीकडे. डोळस बुरशी डावीकडे नारिंगी, पुढे फिकी, टोकाला जवळजवळ पांढरी. घरामागून घर उतरत गेलेली, जिना उतरावा तशी. आणि तिच्याच शेजारी, त्याच ट्रेवर, त्याच दिव्याखाली आंधळी बुरशी पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत पांढरी.

तिखटने खुर्ची पुढे ओढून दोन्ही रांगा पहिल्यापासून पुन्हा बघितल्या.

"म्हणजे आपल्याला जो उजेड दिसला नाही," ती शेवटी म्हणाली, "तो या डोळस बुरशीला दिसला."

"आणि आंधळीला नाही. माळेतला एक मणी, बस."

"तीन महिने तू नापास होत नव्हतीस. प्रयोग करत होतीस, आणि तुला पत्ता नव्हता." तिखटने तिच्या पाठीत एक गुद्दा घातला. "आता माझ्यासमोर रडू नकोस हं. मला जमत नाही ते."

सर एवढ्याने हार मानणारे नव्हते, आणि मानली असती तर तिला आवडलं नसतं. त्यांनी संगणकावरचा तो रंगांचा जिना नीट बघितला, चष्मा पुसून पुन्हा बघितला.

"दिव्याजवळ ऊबही जास्त असते. उबेने रंग आला असेल तर?"

"तेच तपासते, सर. दोन दिवस द्या."

तिने डोळस बुरशीच्या दोन कोवळ्या बशा घेतल्या. एकीच्या झाकणावर बाबांची पितळेची किल्ली ठेवली. दुसरीच्या झाकणावर पिवळा पारदर्शक कागद, निळं अडवणारा पण ऊब जाऊ देणारा. तिसऱ्या बशीत आंधळी बुरशी, तिच्यावरही किल्ली. ही किल्ली तिखटच्या स्कूटरची, आणि त्यामुळे तिखट दोन दिवस पायी आली. "विज्ञानासाठी," असं ती वाटेत भेटेल त्याला सांगत होती. सगळ्या बशा त्या विटलेल्या दिव्याखाली.

दोन दिवसांनी सर स्वतः तळमजल्यावर आले. अंधारात त्यांना पडद्याची फट सापडेना. तिने त्यांचा हात धरून त्यांना आत आणलं, आणि मग मोठा दिवा लावला.

पिवळ्या कागदाखालची बशी पांढरी होती. ऊब तेवढीच मिळाली होती. निळं मिळालं नव्हतं. स्कूटरच्या किल्लीखालची बशी पांढरी, किल्लीची खूण नाही, काही नाही. आणि पहिली बशी नारिंगी होती. पिकल्या फळासारखी, काठोकाठ. तिच्या मधोमध, जराशा लोकरी कडांची, पण दांडा, दात, टोकाचं भोक सगळं ओळखू येईल अशी एक पांढरी किल्ली होती.

पाडलेल्या दाराची किल्ली बुरशीने छापली होती. ना कॅमेरा, ना चांदी, ना डेव्हलपर. एक पिवळा रेणू गंधकाच्या एका अणूला शिवला होता, कोट्यवधी वेळा, जिथे जिथे उजेड पोचला तिथे. आणि जिथे किल्ली होती तिथे नाही.

सर वाकून बघत राहिले. मग त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला, मागे घेण्याचं पत्र होतं ते, आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं. आवाजही झाला नाही.

"मी चुकलो," ते म्हणाले. "तीन महिने मी बुरशीला चूक ठरवत होतो. चूक आमच्या डोळ्यांची होती." आणि मग, त्यांना न शोभणाऱ्या उत्साहाने, "तिखटला बोलाव. सगळ्यांना बोलाव! ही बशी सगळ्यांनी बघितली पाहिजे!"

सगळे आले. वरच्या मजल्यावरचे, खालच्या मजल्यावरचे, काचेची भांडी धुणाऱ्या मावशी ओल्या हातांनी आल्या. "अगंबाई, बुरशीने फोटो काढला!" मावशी म्हणाल्या, आणि पुढच्या आठवड्यात संस्थेत जो तो तेच वाक्य बोलत होता.

पेपर गेला, परत आला नाही, स्वीकारला गेला. तपासणाऱ्यांपैकी एकाने लिहिलं होतं की किल्लीचं चित्र इतकं स्पष्ट आहे की त्याखाली मजकुराची गरज नाही. ती ओळ तिखटने छापून डार्करूमच्या दारावर चिकटवली.

मग व्याख्यान ठरलं. संस्थेचं मोठं सभागृह, भरलेलं. पहिल्या रांगेत सर, शेजारी बाहेरून आलेल्या एक ज्येष्ठ शास्त्रज्ञ बाई, ज्यांच्या प्रश्नांना मोठमोठे घाबरत. शेवटच्या रांगेत, दाराजवळ, आई. "मला काही कळणार नाही, पण मी येणार," असं म्हणून ती आली होती, आणि मांडीवर ती कापडी पिशवी घेऊन बसली होती. पिशवी कशाला, असं लेकीने विचारलं नव्हतं.

व्याख्यान चांगलं झालं. शेवटचं चित्र पडद्यावर आलं, नारिंगी बशीतली पांढरी किल्ली, तेव्हा सभागृहात टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. सर उभे राहून वाजवत होते. तिने खाली बघून हसू लपवायचा प्रयत्न केला आणि मग सोडून दिला.

टाळ्या ओसरल्यावर शास्त्रज्ञ बाईंनी हात वर केला.

"सुंदर काम. माझा प्रश्न साधा आहे. दिवा तपासायची ही किल्लीची पद्धत तुम्ही कुठून घेतलीत? संदर्भांच्या यादीत मला दिसली नाही. आणि अंधारात इतकं नेटकं काम करायला कोणाकडे शिकलात?"

हा दुसरा प्रश्न तिला आजवर बऱ्याच जणांनी विचारला होता, आणि तिचं उत्तर ठरलेलं होतं: इथेच, सरांकडे. वडील काय करायचे, याचंही उत्तर ठरलेलं होतं: फोटोग्राफीत होते. एकदा बाबा प्रयोगशाळा बघायला आले असताना कोणीतरी त्यांनाच विचारलं होतं. "मी छापायचो," बाबा उत्साहाने सांगायला लागले होते, आणि तिने घड्याळ बघून त्यांना बाहेर काढलं होतं.

तिने शेवटच्या रांगेकडे बघितलं. आईने पिशवीवर दोन्ही हात ठेवले होते.

"संदर्भ राहून गेला, ती माझी चूक," ती म्हणाली. आवाज स्थिर होता. तिला स्वतःलाच नवल वाटलं. "दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. माझे बाबा. ते फोटोग्राफर नव्हते. मी आजवर तसं सांगत आले, पण ते नव्हते. ते एका स्टुडिओच्या मागच्या खोलीत छपाईचं काम करायचे, नोकरीवर, चाळीस वर्षं. अंधारात काम करायला मी तिथे शिकले, उलट्या बादलीवर बसून. तपासून घेतल्याशिवाय कुठल्याही अंधारावर विश्वास ठेवायचा नाही, हेही तिथेच शिकले. त्यांनी मला त्यांचा दिवा दिला होता. मला त्याची लाज वाटली, म्हणून मी तो कपाटात ठेवला, आणि तो चालू आहे असं त्यांना खोटं सांगितलं. ते किल्ली घेऊन यायला निघाले होते. मी उद्या नको म्हणाले." मग समोर बसलेल्या कोणाकडेच नाही, तर मागच्या दाराकडे बघून, सभागृहातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "बाबा, माझा दिवा चोर निघाला. तुमचा साव आहे. आता रोज तोच लावते."